बायकोसाठी, म्हणे

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बायकोला जुनी फियाट नव्यासारखी करून देणाऱ्या नवऱ्यांबद्दल मला नितांत आदर आहे. स्वतःची हौस दुसऱ्याच्या नावावर इतक्या झटपट चढवणं आरटीओलाही जमलेलं नाही.

गुपित राखायचं म्हणून गाडी मित्राच्या शेडमध्ये. दर रविवारी ‘ऑफिसचं काम’. नखांत ग्रीस, शर्टाला पेट्रोलचा वास, चोरबाजारातून आणलेली हेडलाइटची रिंग कपाटात साड्यांच्या मागे. बायकोला काही कळत नाही, असं फक्त नवऱ्याला वाटतं. कार्ब्युरेटर, टिंकरिंग, क्रोम, रंगाचे हातावर हात; खर्च विचारायचा नाही, कारण भेटवस्तूची किंमत विचारू नये.

गाडी अगदी मूळच्यासारखी: १०८९ सीसीचं इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, एसी नाही, पॉवर स्टीअरिंग नाही. बाईंना ऑटोमॅटिक हवी होती, हा तपशील गौण. त्यातून गाडीनं पन्नाशी ओलांडली असेल आणि २०२१च्या नियमांनुसार वीस हजार भरून ती ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवली, तर रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणताच येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, असल्याच कामांसाठी काढायची. म्हणजे भाजी आणायला नाही, माहेरी जायला तर नाहीच.

दुरुस्तीला मात्र केव्हाही. तिथं नवरोबा जातीनं जातात. किल्ली त्यांच्याच खिशात असते. बाईंनी फक्त फोटोपुरतं बॉनेटला टेकून हसायचं, तेही अंगठीचा ओरखडा उठणार नाही अशा बेतानं.