समुद्र पाहावा कंधारला

ओळखीतलं कुणीच जिथे गेलेलं नाही अशा एखाद्या राजधानीत जाऊन यायचं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती. दुबई आता लातुरात कुणीही करतं. नवी जोडपी तुळजापूर उरकून थेट बालीला निघतात. म्हणून मी फुनाफुटी निवडली. प्रशांत महासागरातल्या तुवालू नावाच्या देशाची राजधानी. अख्ख्या देशाची वस्ती अकरा हजारांच्या आसपास, जमीन सगळी मिळून 26 चौरस किलोमीटर. एवढ्या मतांत आमच्याकडे जिल्हा परिषदेचा गट पुरा होत नाही. तिथे माणूस पंतप्रधान होतो आणि 2000 पासून संयुक्त राष्ट्रसंघात त्याच्या देशाची खुर्चीही आहे! तिथली धावपट्टी अमेरिकी सैन्यानं दुसऱ्या महायुद्धात केलेली. विमान यायचं झालं की भोंगा वाजतो, एरवी संध्याकाळी तिच्यावर पोरं फुटबॉल खेळतात. लातूरच्या विमानतळाला भोंग्याचीही गरज पडत नाही.

तर हा बेत मी आधी सगळ्यांना सांगून टाकला आणि मग तिकिटाची चौकशी केली. (क्रम महत्त्वाचा आहे.) तिकीटवाल्यानं फिजीहून पुढे जायचं छोटं विमान, परतीच्या फेऱ्या असा सगळा हिशेब मांडला, आकडा कागदावर लिहिला आणि कागद माझ्याकडे न देता स्वतःच घडी घालून खिशात ठेवला. म्हणाला, ‘‘सर, बाली करून घ्या.’’

नांदेडच्या मेव्हण्याला ही बातमी माझ्याआधी कळली. ‘‘दाजी,’’ तो फोनवर म्हणाला, ‘‘लहान राजधानीच बघायची ना? मग आमच्याकडं या. कंधारला नेतो. समुद्रबी हाय.’’

त्यातल्या ‘आमच्याकडं’ या शब्दातली खोच लातूरकरालाच कळेल. या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला दोन-दोन मुख्यमंत्री दिले. आमचे शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. त्यांचे शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण. सामना बरोबरीत होता. मग 2009 साली नव्या महसूल आयुक्तालयासाठी सरकारनं नांदेडचं नाव घेतलं आणि लातूर पेटलं. बंद झाले, मोर्चे निघाले, प्रकरण कोर्टात गेलं. आयुक्तालयात माझं काय काम असतं? काहीही नाही. आजवर मी तहसीलच्या वर चढलेलो नाही. पण ते लातूरलाच हवं, यावर मी सख्ख्या मेव्हण्याशी दिवाळीच्या पंगतीत भांडलो आहे. त्यानं ‘‘आमच्याकडं गुरुद्वारा हाय, जग येतंय,’’ म्हणावं, मी ‘‘आमच्याकडं लातूर पॅटर्न आहे, अख्ख्या महाराष्ट्राची पोरं येतात,’’ म्हणावं. तो गोदावरी काढी, मी मांजरा काढीत असे. गोदावरीसमोर मांजरा काढायला किती छाती लागते, हे मांजरा पाहिलेल्यांनाच कळेल. शेवटी बायको, जिचं माहेर नांदेड आणि सासर लातूर, दोघांच्या ताटात एकेक पुरणपोळी जास्त वाढून आयुक्तालय तहकूब करी.

यात माझं हुकमी पान एकच: राष्ट्रकूट. त्या सम्राटांच्या बिरुदांमध्ये लट्टलूरपुराचे अधीश्वर असं अभिमानानं कोरलेलं असे, आणि लट्टलूर म्हणजे आमचं लातूर. पण या मंडळींनी राजधानी केली मान्यखेटला, म्हणजे आज कर्नाटकात असलेल्या मळखेडला. वेरूळचं कैलास लेणं कोरवलं, तेही औरंगाबादकडे. लातूरला काय? बिरुद. कोथरूडला फ्लॅट घेऊन दारावर ‘लातूरकर’ अशी पितळी पाटी लावणाऱ्यांची परंपरा इतकी जुनी आहे.

कंधारला मात्र त्यांनी हात सैल सोडलेला दिसतो. किल्ल्याचं श्रेय दहाव्या शतकातल्या तिसऱ्या कृष्णाला देतात. भोवती रुंद खंदक, त्यात पाणी. म्हणजे हे रीतसर बेट झालं. गावात क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे अवशेष आहेत. नुसत्या तुकड्यांवरून अख्खी मूर्ती केवढी असेल याचा अंदाज बांधताना मान दुखते. आणि गावाजवळचा तो प्राचीन तलाव, जगत्तुंग समुद्र. मराठवाड्यात तलावाला समुद्र म्हणणाऱ्या माणसाच्या आत्मविश्वासापुढे मी नम्र झालो. काठावर उभं राहून फोटो काढला, पलीकडचा काठ कापला आणि ग्रुपवर टाकला: ‘बेटावरच्या राजधानीतून.’ पहिली विचारणा चुलत्यांची आली, ‘‘आव, मागं म्हैस कशी काय?’’

मेव्हणा हसला, मीही हसलो. पण त्या पाण्याकडे बघताना मला भलतंच आठवलं. 2011 साली फुनाफुटीत पाऊस पडेना. चहूकडे महासागर, पण नदी नाही, भूजल खारट. पिण्याची सगळी भिस्त छपरावरून टाकीत उतरणाऱ्या पावसावर. आणीबाणी पुकारली गेली आणि घरटी दिवसाला दोन बादल्या पाणी मिळू लागलं. हे मी वाचलं तेव्हा मला नकाशा लागला नाही. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. टाक्यांजवळ जमावबंदी होती. देशभरचे कॅमेरे आले. आम्ही जगप्रसिद्ध झालो, आणि प्रसिद्धीचा एवढा हव्यास असलेला मी घराबाहेर पडलो नाही. आई पाहुण्यांना ‘या’ म्हणायची बंद झाली होती. सत्तर वर्षांत तिनं ही गोष्ट केली नव्हती.

त्या दिवसांत एका पहाटे हाच मेव्हणा दारात उभा राहिला. जीपच्या मागच्या सीटवर पाण्याचे कॅन. नांदेडलाही तेव्हा काही धो-धो नव्हतं. त्यानं कॅन आत नेऊन ठेवले, चहा नको म्हणाला (चहाला पाणी लागतं) आणि निघून गेला. गोदावरीचं नाव काढलं नाही, आयुक्तालयाचंही नाही. दोन्ही काढायला तो दिवस हक्काचा होता.

तेव्हा शासनाला माझी जाहीर विनंती आहे. आयुक्तालय लातूरला नको आणि नांदेडलाही नको. ते कंधारला द्यावं. किल्ला तयार आहे, खंदकामुळे मोर्चे बाहेरच अडतील आणि साहेबांना समुद्रकिनारी बदली मिळाल्याचं समाधान लाभेल. कंधार नांदेड जिल्ह्यात येतं, तेवढं आम्ही सोसू.