नस्ती सापडत नाही

सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या बाईला ‘फाईल सापडत नाही’ याचा अर्थ कुणी शिकवावा लागत नाही. फाईल असतेच. कपाटात असते, साहेबांच्या घरी असते, कधीकधी विचारणाऱ्याच्याच काखेत असते. रेकॉर्ड रूम सांभाळून निवृत्त झाले आणि ऑकलंडला लेकीकडे आले, तर तिचा लॅपटॉपही तेच सांगत बसलेला. मला एकदम बरं वाटलं.

लेकीची पीएच.डी. संपत आली आहे आणि प्रबंध लाटेकमध्ये आहे. यात आपण आज्ञा लिहायच्या आणि छापील पान नंतर बघायचं. डोनाल्ड कनूथ नावाच्या प्राध्यापकांना स्वतःच्या पुस्तकाची जुळणी पसंत पडेना, म्हणून त्यांनी १९७८च्या सुमारास टेक नावाची जुळणीची यंत्रणाच रचली. (आपल्याकडे माणूस प्रेस बदलतो.) त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लाटेक चढवलं आणि १९८५मध्ये ओरेन पॅटाश्निक यांचं संदर्भसूची करणारं बिबटेक आलं. लेक मात्र बायबर वापरते. इथल्या माओरी नावांत स्वरांच्या डोक्यावर आडव्या रेघा असतात, त्या सरळ टाइप केल्या तर जुन्या बिबटेकला धड झेपत नाहीत.

तिचे आलेख ‘आर’मधून येतात. ती भाषा याच गावच्या विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९०च्या दशकात घडवली. आलेख निमूट येतात. नखरे सगळे संदर्भांचे.

प्रत्येक प्रकरणाची फाईल वेगळी, सगळ्यांची मिळून एक मुख्य फाईल आणि संदर्भांची फाईल मुख्य फाईलच्या शेजारी. सगळा प्रबंध एकदम छापला की सूची हजर. प्रकरण दोन एकटं छापलं की गायब! पान मात्र तरीही छापून येतं, हा खरा कावा. लेखकाचं नाव आणि साल यांच्या जागी कंसात ठळक अक्षरांत लेकीनं ठेवलेल्या खुणा दिसतात. ‘इहाका१९९६’ ठीक आहे, पण पुढेच ‘तोचजाडग्रंथ’ आणि ‘चिडकाजर्मन’ अशा रोमन लिपीतल्या नोंदी. गाईडबाईंना मराठी येत नाही हे नशीब.

“फाईल आहे ना गं?” मी पोह्यांची बशी पुढे करत विचारलं.

“आहे ना! ही काय, डोळ्यांसमोर आहे.”

जावयांनी लॅपटॉप बंद करून चालू करायचा सल्ला दिला. जावई हाच सल्ला गॅसच्या शेगडीबद्दलही देतात.

मी बारनिशीच्या सवयीनं आधी नाव तपासायला लावलं. विंडोज फाईलच्या नावाचं शेपूट लपवतं, म्हणून संदर्भांच्या फाईलच्या ‘बिब’ या शेपटामागे ‘टीएक्सटी’ चिकटलेलं नाही ना? नव्हतं. ही फाईल मागवायच्या जुन्या आज्ञेत ‘बिब’ हे शेपूट लिहायचं नसतं, नव्या आज्ञेत लिहावंच लागतं. असले विरोधाभास मी शासन निर्णयांत पुष्कळ पाहिलेत. तेही बरोबर होतं.

“मग तू ती मागतेस कुठे बसून?”

लेक माझ्याकडे बघत राहिली. मग कपाळावर हात मारला. प्रकरण एकटं छापताना यंत्र प्रकरणांच्या फोल्डरमध्ये बसून फाईल मागतं. सगळं एकत्र छापताना मुख्य फाईलच्या फोल्डरमध्ये बसून मागतं. शेजारच्या खोलीत डोकवायचं त्याच्या अंगातच नाही. ज्या खोलीतून हुकूम सुटला तिथलं कपाट बघायचं आणि ‘आढळून येत नाही’ असा शेरा मारून मोकळं व्हायचं. त्याला निवृत्तिवेतन मंजूर करायला हरकत नाही.

तिनं पत्त्याआधी दोन टिंबं आणि तिरकी रेघ घातली, म्हणजे ‘एक पायरी वर बघ’. प्रकरण दोनची सूची आली. आनंदानं पूर्ण प्रबंध छापला, तर तिथली गेली, कारण आता मुख्य फाईलही एक पायरी वर बघायला लागली. मग म्हणाली, फाईलची एकेक प्रत दोन्हीकडे ठेवते. इथे मात्र मी आवाज चढवला. दुबार नस्तीनं किती जमिनींचे खटले उभे राहतात, हे त्या पोरीला ठाऊक नाही. एका प्रतीत दुरुस्ती झाली की दुसरी खोटी पडते.

शेवटी तिनं सबफिक्स नावाची आज्ञा शोधून काढली. प्रकरणं वेगळी छापणाऱ्या सबफाइल्स या पॅकेजातच ती होती. पत्ता त्या आज्ञेत गुंडाळायचा, मग यंत्र कुठल्याही खोलीत बसलं तरी रस्ता मुख्य फाईलपासूनच मोजला जातो. त्यानंतर लाटेक, बायबर, पुन्हा लाटेक, पुन्हा लाटेक. आमच्याकडेही एका सहीवर कधी काम झालं नाही.

सगळी नावं आली, माओरी रेघांसकट. फक्त चौथ्या प्रकरणात एक खूण ठळक अक्षरांत तशीच अडून बसली: ‘नंतरवाच’.

“ही का येत नाही?”

“सूचीत घातलीच नाही,” लेक हळूच म्हणाली, “वाचल्यावर घालणार होते.”

वर तिच्याच वाक्यात ‘या मूलभूत ग्रंथाने सिद्ध केल्याप्रमाणे’ असं लिहिलं होतं.