भुतांचे एकमेव प्रकाशक

मेलेला लेखक प्रकाशकाला फार सोयीचा. मानधनाचा तगादा नाही, मुखपृष्ठावरून रुसवेफुगवे नाहीत. टोकियोच्या र्‍यूहो ओकावांनी या सोयीचा कारखानाच काढला. टोकियो विद्यापीठात कायदा शिकलेले, व्यापारी कंपनीत नोकरी केलेले हे गृहस्थ. 1986 साली त्यांनी ‘हॅपी सायन्स’ हा पंथ स्थापला. आपल्याकडे अंगात येतं ते केस मोकळे सोडून, घुमत. ओकावांच्या अंगात यायचं ते सूट-टाय घालून, कॅमेऱ्यासमोर, प्रश्न विचारायला माणसं बसवून. मग शब्दांकन, आणि पंथाच्याच प्रकाशनगृहाकडून पुस्तक. मार्गारेट थॅचर 8 एप्रिल 2013 रोजी वारल्या. मृत्यूनंतर 19 तासांत त्यांची मुलाखत घेतली, असं पुस्तकच अभिमानाने सांगतं. तेवढ्या वेळात आपल्याकडे मृत्यूचा दाखलाही हाती पडत नाही.

पण खरी गंमत साहित्यिकांची. मासिकं-साप्ताहिकांशी या पंथाचं जुनं वाकडं. 1991 साली ‘फ्रायडे’ साप्ताहिकाने टीका केली, तेव्हा अनुयायांनी ते काढणाऱ्या कोदान्शा संस्थेवर फोन आणि फॅक्सचा भडिमार केला होता. पुढे ‘शुकान बुनशुन’ साप्ताहिकाशी बिनसलं. या वेळी फॅक्सवर भागलं नाही. 2012 साली थेट ते काढणाऱ्या ‘बुनगेई शुनजू’ संस्थेचे संस्थापक, लेखक किकुची कान यांचा आत्मा बोलावला आणि ‘बुनशुन’ला भवितव्य आहे का, यावर पुस्तक निघालं. किकुची 1948 साली गेले. हे साप्ताहिक सुरू झालं 1959 मध्ये. म्हणजे वरती अंक वेळेवर पोचतो. वर्गणीदारांनी नोंद घ्यावी.

एका साक्षीदाराने भागेना, म्हणून किकुचींचे मित्र अकुतागावा र्‍यूनोसुके यांनाही आणलं. त्यांचं पुस्तकही ‘बुनगेई शुनजू’वरच्या शेऱ्यांचं. अहो, 1927 साली पस्तिशीत गेलेला असा कथाकार दारात आला, तर एखादी नवी कथा तरी मागाल! पण कथा लिहायला अकुतागावाच लागतो. शेरे कुणालाही मारता येतात.

जिवंत माणसंही सुटली नाहीत. त्यांचे म्हणे ‘संरक्षक आत्मे’ बोलतात. कादंबरीकार हारुकी मुराकामींचा बोलला. 2014 साली पंथाला विद्यापीठाची मान्यता हवी होती, तेव्हा शिक्षणमंत्र्यांचाही बोलला आणि छापूनही आला. मंत्री हयात, खुर्चीवर. पण त्यांच्या मनातलं त्यांच्यापेक्षा प्रकाशकाला ठाऊक! मंत्रालयाने मान्यता नाकारली. आत्म्यांच्या संदेशांवर विद्यापीठाचं शिक्षण उभं राहत नाही, असा तज्ज्ञांचा अभिप्राय होता. मंत्र्यांच्या आत्म्याची पुस्तकंही मंत्रालयाला खटकलीच.

श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याचा, हे मान्य. पण आत्म्यांची मतं यजमानाच्या मतांशी इतकी जुळावीत, वैरीसुद्धा तेच असावेत? मराठी साहित्य महामंडळात तरी एवढं एकमत कधी झालंय का?

लंडनच्या न्यायालयापुढे 1926 मध्ये असाच पेच आला होता. आत्म्याने सांगितलेल्या मजकुराचा हक्क कोणाचा? न्यायमूर्तींनी परलोक आपल्या अधिकारक्षेत्रात येत नसल्याचं सुचवलं आणि लिहिणाऱ्या माध्यमबाई जेराल्डिन कमिन्स यांनाच लेखिका ठरवलं. टोकियोत खटल्याचीही गरज नाही. ओकावा 2 मार्च 2023 रोजी वारले, पण हक्काचा प्रश्न उरत नाही. अकुतागावांच्या त्या पुस्तकावर लेखक म्हणून नाव छापलंय ते ओकावांचंच.