नव्याकोऱ्या थारचे पुढचे पाय कापले म्हणे!

ऐकलंत का? नाही ना? मग जरा इकडे सरका, मोठ्यानं बोलायची गोष्ट नाही. पाचोडच्या एका मोसंबीवाल्या घरातल्या चिरंजिवांनी नवी थार घेतली. पेढे वाटले, बोनेटवर हार चढवला, टायरखाली लिंबू चिरडलं. इथवर सगळं रीतीला धरून झालं. आणि पहिला हप्ता जायच्या आत तीच गाडी ग्राइंडरखाली दिली! पुढचं सस्पेन्शन चेसिसपासून कापून काढलं आणि तिथं जुन्या जीपचा अ‍ॅक्सल बसवायचा घाट घातला. वडिलांना बातमी कुठं कळली असेल? जनावरांच्या बाजारात, सौद्यासाठी रुमालाखाली हात धरलेला असताना. बोटं चुकली आणि बैल महागात पडला म्हणतात.

"कामून पन?" एवढंच त्यांनी विचारलं.

"फ्लेक्स वाढतो, आबा," चिरंजीव म्हणाले.

आता सांगा, त्या गाडीत काय कमी होतं? पोटाखाली २२६ मिलिमीटर मोकळी जागा. साडेसहाशे मिलिमीटर पाण्यातून चालते असं कंपनी सांगते. पाचोडात तेवढं पाणी शोधायचं तर पैठणला जाऊन नाथसागरच गाठावा लागेल. पण मुलांचं दुखणं वेगळं आहे. थारला पुढं दोन्ही चाकांचे हात सुटे आहेत. एक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला पत्ता लागत नाही. महामार्गावर हे फार सुखाचं. सोलापूर–धुळे रस्त्यानं आडूळपासून वडीगोद्रीपर्यंत जाताना पोटातलं पाणी हलत नाही. पण गाडी उंच केली, टायर मोठे घातले की इंजिनकडून चाकाकडे जाणारे शाफ्ट वेड्यावाकड्या कोनात फिरतात, त्यांचे रबरी बूट फाटतात, बॉल जॉइंट खिळखिळे होतात. सलग अ‍ॅक्सलचं तसं नाही. एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपसूक खाली दाबलं जातं आणि दोन्ही जमीन धरून राहतात. हाच तो फ्लेक्स. याचे फोटो काढायला एक दगड लागतो आणि सगळी मित्रमंडळी.

बरं, अ‍ॅक्सल आणला आणि बसवला, इतकं सोपं असतं तर आपण कशाला बोललो असतो? आधी हाऊसिंगमधला डिफरन्शियलचा गोळा ट्रान्सफर केसच्या बाजूलाच यायला हवा, नाहीतर प्रोपेलर शाफ्ट तिरका धावणार. मग पुढच्या-मागच्या क्राऊन-पिनियनच्या दात्यांचं प्रमाण पत्रिकेसारखं जुळवायचं. जुळलं नाही तर फोर बाय फोर टाकताच पुढची चाकं एका वेगानं पळू म्हणतात, मागची दुसऱ्या, आणि जीव जातो मधल्या गिअरांचा. ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड समांतर बसले नाहीत तर प्रत्येक खड्ड्यात गाडी न विचारता वळते. कॅस्टर चुकला, बुश ढिले राहिले, तर वेगात असताना स्टिअरिंग असं थडथडतं की मागे बसलेली मावशी जेजुरीचा नवस बोलते. ब्रेकच्या नळ्या लांब करायच्या, शॉकप नवे घ्यायचे. एबीएसचे सेन्सर जुन्या हबबरोबर गेले की डॅशबोर्डवर सगळे दिवे एकदम लागतात. टायर थोराड झाले म्हणून स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो. डिझेलवर मात्र त्याची जादू चालत नाही.

कोणी शहाणा म्हणेल, सलग अ‍ॅक्सलच हवा होता तर २०२३ साली आलेली जिम्नी घ्यायची! तिला पुढं-मागं दोन्हीकडे कंपनीनंच दिलाय. छे, छे. ती वरातीत उठून दिसत नाही. आणि ऐका, २०२३ पासून नुसती मागची चाकं ओढणारी थारही विकायला आहे. दारातली फोर बाय फोर आहे की तसली, हे आत डोकावून बघा. लिव्हर नसेल तर चहा न घेता निघू नका, पुढची चर्चा तिथंच रंगते.

जगाची तऱ्हा तर आणखी उलटी. मर्सिडीजच्या जीवॅगननं २०१८ साली पुढचा सलग अ‍ॅक्सल सोडून दिला. नव्या डिफेंडरनं पुढचा-मागचा दोन्ही सोडले. जर्मनी आणि इंग्लंड जे काढून टाकतंय, ते आमचे चिरंजीव वेल्डिंग करून घरात आणतायत.

कायद्याचं विचाराल तर खाली बसूनच ऐका. मूळ गाडीत फेरफार नको म्हणणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, तेच बजावणारा जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेलं कलम १८२-अ म्हणतं, परवानगीबाहेरच्या बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दर बदलामागे, बरं का! अ‍ॅक्सल एक, स्प्रिंगा दोन, स्टिअरिंग, टायर, बंपर... मोजणाऱ्याची बोटं पुरायची नाहीत. विमा कंपनीला न सांगता हे केलं असेल तर दाव्याच्या दिवशी तीही मोजायला बसते.

पण खरी गंमत आबांनी केली. ते बोलले नाहीत, चिरंजिवांना गोठ्यामागं घेऊन गेले आणि ट्रॅक्टरपुढं उभं केलं. पुढचं एक चाक बांधावर, दुसरं चरीत. पुढचा अ‍ॅक्सल सलग, मधे एका सेंटर पिनवर लोंबलेला, खुशाल तिरका झालेला. "ह्यो बघ तुझा फ्लेक्स. कंपनीनं फुकट दिलाय."

चिरंजीव गप्प. कारण आबांच्या तरुणपणी घरात एमएम ५४० होती, पुढं-मागं कमानपाटे आणि सलग अ‍ॅक्सल असलेली. महिंद्रानं १९४०च्या दशकाच्या शेवटी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून चालत आलेली ती चाल. कमरेचे हाल होतात, एसी नाही, म्हणून चिरंजिवांनीच हट्ट करून ती काढायला लावली. २०१० ची पहिली थार दिसायला तिचीच लेक, पण महागड्या मॉडेलात पुढून सुट्या चाकांची. आता चिरंजीव लाखो रुपये मोजून तेच कमरेचे हाल परत मागतायत, फक्त यंदा टचस्क्रीनसकट.

तेव्हा आपसात एक सांगते, पुढं करू नका. तुमच्या वाड्यात, कडब्याच्या गंजीमागं एखादी जुनी जीप सडत असेल, तर भंगारवाल्याला या दिवाळीपर्यंत दारात उभं करू नका. किलोवर तर मुळीच देऊ नका. आणि चिरंजीव अ‍ॅक्सल मागायला आलेच, तर भाव रुमालाखाली सांगा.