आठ किलोमीटरचा कुडता

स्वतः विणलेल्या कापडाचा कुडता शिवताना सगळ्यात अवघड काम म्हणजे कापडाला कात्री लावणं. ३६ इंच पन्हा, इंचाला ४० ताणे, ४० बाणे अशी साधी वीण धरली, तर पावणेतीन मीटर कापडात जवळजवळ आठ किलोमीटर सूत जातं आणि धोट्याच्या चार हजारांवर फेऱ्या होतात. एवढं झाल्यावर शिंपी कापड चिमटीत धरून विचारतो, ‘मीटरला काय भाव पडला?’

कात्री लावण्याआधी कापड धुवावंच लागतं. मागावर ताणून धरलेलं सूत पाण्यात सैल होतं आणि कापड आटतं. धुण्याचा कंटाळा केला तर कुडता पहिल्या धुण्यातच धाकट्या भावाचा होतो.

दुसरी भीती दोरे सुटण्याची. वीण विरळ असेल तर कापलेल्या बाहीला इस्त्री तापेपर्यंत झालर लागलेली असते. म्हणून खडूच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना आधी मशीनची टीप मारायची, मगच मधून कापायचं. शिंप्याला हा वेळेचा अपव्यय वाटतो. विणणाऱ्याला टिपा दोनच का, असं वाटतं.

बेतण्याच्या बाबतीत कळीदार कुडत्याला तोड नाही. पुढचा-मागचा भाग सरळ पट्ट्यांचा, बाह्याही सरळ. बाजूच्या कळ्या एकाच आयताचे तिरके दोन भाग करून निघतात. एक उलटी फिरवली की झालं, चिंधीसुद्धा पडत नाही. हात वर करता यावा म्हणून काखेत चौकोनी तुकडा. हा कुडता ज्याने पहिल्यांदा बेतला, त्याच्या घरी नक्कीच माग असावा. बाही आडवी काढली तर कापडाचा काठ मनगटाशी येतो आणि दुमडायचे दोन बोटं कापड वाचतं. गोल कापायचं ते फक्त गळ्याशी, कारण मान चौकोनी नसते.

कात्रीच नको असेल तर धोतर, लुगडं, उपरणं आहेतच. १९२१च्या सप्टेंबरात मदुराईला गांधीजींनी पंचा स्वीकारला, त्यामागची कारणं फार मोठी होती. पण शिंप्याकडच्या खेपा वाचल्या, हेही काही थोडं नव्हे.

शिवून झाल्यावर कातरण मागून घ्यायचं असतं. शिंपी ते केरात ढकलायच्या बेतात असतो आणि गिऱ्हाईक पिशवी उघडून उभं असतं. गळ्याच्या गोल तुकड्यातून गुंडीची फासकी निघतात. खिशाचं सगळ्यात शेवटी ठरतं: कापड पुरलं तर दोन, बेताचं उरलं तर छातीवर एक, नाहीतर पैसे झोळीत.