जीपग्रस्त

जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक निळी ताडपत्री हमखास असते. तिच्याखाली जीप आहे, असं ताडपत्रीच्या मालकाचं म्हणणं असतं. इतरांना दिसते ती घोड्यांवर टेकवलेली एक चासी, डिझेलच्या बादलीत बुडवून ठेवलेले काही दातेरी ऐवज, भिंतीला टेकून उभं केलेलं बॉनेट आणि या सगळ्याच्या खालून बाहेर आलेले दोन पाय. पायांत स्लिपर असतात. हेच पाय सोमवारी सकाळी इस्त्रीच्या पँटीत शिरून हिंजवडीला जातात आणि कुठल्याशा परदेशी बँकेच्या सॉफ्टवेअरची काळजी वाहतात.

हा जीपग्रस्त. पुण्यात तो कर्वेनगरपासून वाकडपर्यंत कुठेही आढळतो; नाशिक-कोल्हापूरकडेही पीक चांगलं आहे. वय पंचेचाळिशीच्या पुढचं, घराचे हप्ते संपत आलेले, मुलगी बारावी होऊन मार्गी लागलेली आणि ऑफिसातला हुद्दा इतका वरचा की हाताने करण्यासारखं काही कामच उरलेलं नाही. दिवसभर मीटिंगा. संध्याकाळी घरी कुणी विचारलं, ‘आज काय केलंत?’ तर दाखवायला काही नाही. अशा नाजूक वयात त्याला कुणीतरी सांगतं की फलटणजवळ एका गोठ्यात जुनी विलीज पडून आहे.

आमच्या सोसायटीतल्या जीपग्रस्ताला विकणारा म्हणाला होता, “दुसऱ्या महायुद्धातली आहे साहेब. ब्रह्मदेशातून आलेली.” याने शेजारची म्हैस जरा बाजूला घ्यायला लावून जीपचा फोटो काढला आणि मागेल ती किंमत मोजली. भावात घासाघीस केली नाही. इतिहासाशी कोण घासाघीस करतं?

महिन्याभरात त्याला कळलं की महायुद्धातल्या जीपचं बॉनेट ठेंगणं असतं आणि हिचं चांगलं उंच आहे. म्हणजे ही सीजे थ्री बी. विलीज कंपनीने 1953 साली हरिकेन नावाचं नवं इंजिन जुन्याच अंगात बसवायला घेतलं. त्याचे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असल्याने इंजिनाची उंची वाढली आणि मग बॉनेटही वर उचलावं लागलं. पुढे हीच जीप महिंद्राने आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली. महायुद्ध संपल्यावर जन्मलेली गाडी ब्रह्मदेशात लढणार कशी? दुसरा कुणी असता तर विकणाऱ्याला फोन करून भांडला असता. याने फोन केला आणि पाऊण तास त्याला ही सगळी माहिती दिली.

माहिती देणं हा या आजाराचा पहिला टप्पा. लिफ्टपाशी सापडलेला माणूस सुटत नाही. महिंद्रा अँड महिंद्रामधले दुसरे महिंद्रा आधी मोहम्मद होते, 1945 साली कंपनी निघाली तेव्हा पाटीवर तेच नाव होतं, फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथे आधी अर्थमंत्री आणि मग गव्हर्नर जनरल झाले, हे सगळं तो आपला ग्रीसचा हात तुमच्या खांद्यावर ठेवून सांगतो. 1940 साली अमेरिकन लष्कराला घाई होती, तेव्हा बँटम नावाच्या लहानशा कंपनीने 49 दिवसांत पहिली जीप बनवून लष्कराच्या दारात उभी केली, ही त्याची सर्वांत लाडकी गोष्ट. तेवढ्याच दिवसांत त्याचं एक मडगार्ड सुटलं होतं. पण हे कुणी त्याला बोलून दाखवत नाही, कारण मग मडगार्डाची हकिकत सुरू होते.

रंग खरवडायला त्याने दिवाळीची सुट्टी काढली होती, ही सीजे थ्री बी आहे हे कळायच्या आधी. त्याची आशा अशी की वरचे थर गेले की खाली लष्करी हिरवा लागेल आणि नशीब असलं तर बॉनेटवर अमेरिकन सैन्याचा पांढरा तारा. पत्र्याची पट्टी आणि सँडपेपर घेऊन तो बसला. वरचा मरून गेला, खाली पांढरा निघाला. पांढरा गेला आणि हिरवा दिसला. त्याने बायकोला खाली बोलावलं, वॉचमनलाही बोलावलं. आणखी थोडं घासल्यावर तो हिरवा पोपटी निघाला. मग डाव्या बाजूला पिवळ्या रंगातली अक्षरं वर येऊ लागली. तो श्वास रोखून घासत होता, आम्ही श्वास रोखून वाचत होतो. आधी ‘आईचा आशीर्वाद’. त्याखाली ‘फलटण – दहिवडी’. ज्या गाडीला तो रणगाड्यांच्या पुढे धावलेली समजत होता तिने आयुष्यभर वडाप केलं होतं. माझ्या मते हा काही कमी पराक्रम नव्हे. आत पंधरा माणसं, टपावर ज्वारीची पोती आणि मागे लोंबकळणारा किन्नर घेऊन माण तालुक्यातून रोज फिरणं कुठल्या आघाडीपेक्षा सोपं होतं? पण जीपग्रस्त त्या दिवशी जेवला नाही.

दुसरा टप्पा हत्यारांचा. जीपचे बोल्ट इंचातले. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, घरच्या पान्यातला बारा बसत नाही आणि तेरा घसरतो. घसरला की नटाचे कोपरे झिजतात, बोटाचं सालपट जातं आणि आपली मुलं ज्या शाळेत शिकली तिथे न शिकवलेले शब्द तोंडून बाहेर पडतात. मग जुन्या बाजाराच्या वाऱ्या सुरू होतात. रविवारी सकाळी लोक मिसळीला निघतात तेव्हा हा इंची पाने शोधायला निघतो. ऑफिसात कोटींत बोलणारा माणूस तिथे उकिडवा बसून तीस रुपयांच्या पान्यासाठी हुज्जत घालतो आणि तीसलाच घेऊन आनंदाने घरी येतो.

तिसरा टप्पा म्हणजे मिस्त्री. आणि खरं तर रोग इथेच आहे. जीप हे निमित्त.

कात्रजच्या बाजूला पत्र्याची शेड टाकून बसलेला हा मिस्त्री पाना मिलिमीटरने मोजत नाही, इंचानेही नाही. तो सुतात बोलतो. आठ सूत म्हणजे इंच. “चार सुती द्या,” असं तो गाडीखालून म्हणतो, आणि जीपग्रस्त जो धावतो ते पाहण्यासारखं असतं. इतक्या लगबगीने तो स्वतःच्या लग्नातही वावरला नसेल. मिस्त्री त्याला पाना द्यायचं आणि बॅटरी धरायचं काम देतो. क्वचित, खूश असला तर, नट हाताने दोन वेढे फिरवू देतो, पण शेवटी स्वतः आवळतो. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘साहेब’ म्हणतो. “कमानीचा पाटा गेलाय साहेब.” “शॅकल झिजलंय साहेब.” “ते राहू द्या साहेब, लागेल हाताला.” जीपग्रस्ताने एकदा न राहवून सांगितलं, “अहो, मला साहेब म्हणत जाऊ नका.” मिस्त्री म्हणाला, “बरं साहेब.”

मिस्त्री संध्याकाळी दुकान बंद करताना कपड्याचा साबण आणि लाकडाचा भुस्सा घेऊन कोपरापर्यंत हात घासतो, नखं ब्रशने साफ करतो, कारण घरी पाहुणे असतात, कुठे साखरपुडा असतो. जीपग्रस्त मात्र नखांतलं ग्रीस सोमवारपर्यंत जपून ठेवतो. व्हिडिओ कॉलवर बोलताना हनुवटीखाली हात घेतो, बोटं कॅमेऱ्याकडे. कुणी विचारलंच तर, “ओह, हे? काही नाही, वीकेंडला जरा गिअरबॉक्स उतरवला होता.” वास्तविक गिअरबॉक्स मिस्त्रीने आणि त्याच्या पोऱ्याने उतरवला होता. याने बॅटरी धरली होती.

मिस्त्रीशिवाय काही करायचं ठरवलं की काय होतं ते आम्ही सर्वांनी पाहिलं आहे. चाक काढायचं होतं. डाव्या बाजूचं. नट निघेना. पान्यावर पाइप चढवला, पाइपवर दुसऱ्या मजल्यावरचे जोशी चढले, मग वॉचमन. नट हलला तर नाहीच, उलट घट्ट झाला. शेवटी फोन करून मिस्त्रीला बोलावलं. त्याने वाकून बोल्टच्या टोकावर बोट फिरवलं, तिथे इंग्रजी एल कोरलेला होता, आणि पाना उलट्या दिशेने फिरवला. जुन्या जीपांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात. चाक फिरता फिरता नट आपोआप सैल पडू नयेत म्हणून. जीपग्रस्ताला हे वाचून माहीत होतं. आम्हाला लिफ्टपाशी सांगूनही झालं होतं.

आता त्याच्या बायकोविषयी. ती बँकेत आहे आणि व्यवहारी आहे. फ्रीजरमध्ये मटाराच्या पिशवीशेजारी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पितळी बुशं सापडली तेव्हा ती ओरडली नाही. थंड केल्यावर धातू किंचित आकसतो आणि बुश घरात सहज बसतं, हे त्याने समजावून सांगितलं; तिने ऐकून घेतलं आणि बुशं मटाराच्या डावीकडून उजवीकडे ठेवली. तेल काढायला नेलेली परात तिने परत मागितली नाही, नवी आणली आणि तिच्यावर स्वतःचं नाव घालून घेतलं. खरी परीक्षा ब्रेकच्या वेळी असते. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला दोन माणसं लागतात: एकाने वर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली झोपून निपल सैल करायचं, हवेचे बुडबुडे जाऊ द्यायचे आणि निपल पुन्हा आवळेपर्यंत वरच्याने पेडल सोडायचं नाही. सोडलं की हवा परत आत, मुसळ केरात. सकाळी नऊला, बँकेच्या साडीत, पर्स मांडीवर घेऊन ती सीटवर बसलेली असते.

“दाब!”

“दाबलंय.”

“धरून ठेव! सोडू नको हं!”

“अहो, इतकी वर्षं दुसरं काय केलंय?”

खालून उत्तर येत नाही. फक्त बुडबुड आवाज येतो.

सोसायटीचं तर विचारू नका. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत लिफ्टच्या खर्चाखाली आणि ‘ऐनवेळचे विषय’च्या वर जीपला कायमची जागा आहे. ‘पार्किंगमध्ये इंजिन ऑइल सांडू नये’ ही नोटीस सेक्रेटरींनी लावली. त्याखाली कुणीतरी पेनाने लिहिलं, ‘गिअर ऑइल चालेल का?’

कायद्याचीही त्याला उत्तम जाण आलेली आहे. गाडीच्या आरसीवर इंधन पेट्रोल होतं आणि बॉनेटखाली वडापच्या काळात कुणीतरी बसवलेलं डिझेल इंजिन. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी गाडी आरटीओत न्यायची, आणि तिथे कागदाशी इंजिन जुळायला हवं. म्हणून कुर्ल्याच्या भंगारातून हरिकेन पेट्रोल इंजिन शोधून आणलं. ते लिटरला किती जातं हा प्रश्न त्याच्या घरी विचारायचा नसतो. आधी त्याचा बेत मोठा होता: पुढे लोखंडी बंपर, त्यावर विंच, पाण्यातून जाताना श्वास घ्यायला खिडकीच्या वरपर्यंत नेलेलं नाकाडं, पॉवर स्टिअरिंग, डिस्क ब्रेक, रुंद टायर. 2017 च्या डिसेंबरात केंद्राने क्रॅश गार्डवर बंदी आणली, तेव्हा बंपर गेला. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गाडीत उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. त्या आठवड्यापासून हा कट्टर ओरिजिनलवाला झाला. “मॉडिफाय करणारे लोक गाडीचा अपमान करतात,” असं तो आता म्हणतो. नाकाडं घरात माळ्यावर आहे.

तर अशी ती जीप अखेर एका जानेवारीत उभी राहिली. फोर बाय फोर, लो रेंज, दोन वेगळ्या दांड्या. हिमालय चढेल अशी गाडी घेऊन तो सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला निघाला. रस्ता पायथ्यापासून वरपर्यंत पक्का आहे. बायको सोबत होती, मीही मागे बसलो होतो. गोळेवाडीच्या नाक्याशी जरा वेग कमी झाला, तर कडेला उभ्या चार-पाच जणांनी हात केला. त्यातल्या टोपीवाल्या आजोबांनी दांडी धरून पाय आत टाकत विचारलं, “वर जाणार ना? सीट किती घेता?” बाईसाहेब म्हणाल्या, “या, बसा, पन्नास.” आजोबा बसले. जीपग्रस्ताने आरशात पाहिलं आणि काही बोलला नाही. पण दुसरा गिअर टाकताना डबल क्लच इतका सफाईने मारला की माण तालुक्यातल्या त्या जुन्या ड्रायव्हरनेही मान डोलावली असती.

उतरताना गाडी बंद पडली. आजोबा चालत गेले, पन्नास परत घेऊन. अंधार पडायच्या सुमारास मिस्त्री आला, त्याच्या वॅगनारमधून. एसी चालू, सीएनजीवर, मागच्या सीटवर इंजिनिअरिंगला असलेला मुलगा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला. (“तुमच्यासारखं एसीत बसवायचंय याला, साहेब,” हे त्याने जीपग्रस्ताला अनेकदा सांगितलं आहे, आणि अर्ज भरायला मदतही घेतली आहे.) मिस्त्रीने कॉइलची वायर पाहिली, तोंडाने इन्सुलेशन सोललं, पिळलं, गाडी चालू. निघताना जीपग्रस्ताने बऱ्याच वर्षांपासून मनात असलेला प्रश्न विचारला. “मिस्त्री, तुमच्या हातात एवढी कला. तुम्ही स्वतः एखादी जीप का नाही ठेवली कधी?”

मिस्त्री हात पुसत होता. म्हणाला, “आम्हाला रोज घरी पोचायचं असतं, साहेब.”

ही गोष्ट जीपग्रस्त आता स्वतःच लिफ्टपाशी सगळ्यांना सांगतो, पोट धरून हसत. फक्त सांगताना शेवटचा ‘साहेब’ गाळतो.