अर्जदार कादंबरीकार

अमेरिकेतल्या होतकरू कादंबरीकाराला दोन कामं असतात. पहिलं कादंबरी लिहिण्याचं. ते तो दोन-तीन वर्षांत उरकतो. दुसरं एजंटांना पत्रं लिहिण्याचं. ते उरकत नाही.

तिकडच्या बड्या प्रकाशकांकडे एजंटशिवाय सहसा कुणी उभं करत नाही. एजंट लेखकाच्या मिळकतीतले साधारण 15 टक्के घेतो, आणि त्याला पटवायचं ते एका पानाच्या ‘क्वेरी लेटर’नं. पण प्रत्येकाचं सोवळं निराळं! एकीला पहिली पाच पानं हवीत, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला पन्नास. कुणाला ती ईमेलच्या मजकुरातच लागतात. अटॅचमेंट दिसली की पत्र न वाचताच बाद. कुणी ईमेलच घेत नाही, ‘क्वेरीमॅनेजर’चा फॉर्म भरायला लावतो. लंडनला पाठवायचं तर बहुधा तीन प्रकरणं आणि सारांश.

आपला कादंबरीकार दिवसा विमा कंपनीत असल्यामुळे फॉर्मला भीत नाही. त्यानं एक्सेल शीट केलंय. एजंटांच्या मुलाखती ऐकून त्यांच्या आवडीनिवडी त्यात टिपल्यात. अमकीला समुद्र आवडतो, म्हणून त्या पत्रात त्याच्या नायिकेची, म्हणजे एका आजीबाईंची, बेकरी ओहायोहून मेनच्या किनाऱ्यावर जाते. तमक्याला थ्रिलर हवंय, तिथे याच आजीबाई हिशेबी खुनी. तिसरीकडे शोकाकुल विधवा. कादंबरी अर्थात एकच.

शिवाय पुस्तक कुणासारखं आहे तेही सांगायचं. ‘हॅरी पॉटर’चं नाव घेतलं तर हसं होतं. ‘गॉन गर्ल’ 2012 चं, म्हणजे शिळं. दाखला गेल्या चार-पाच वर्षांतला हवा, म्हणून तो हल्ली नवी पुस्तकं मलपृष्ठापुरतीच वाचतो.

पूर्वी नकार निदान पोस्टानं यायचा, आपणच पत्ता घालून, तिकीट लावून जोडलेल्या पाकिटातून. आपल्याकडे मासिकांना कथा पाठवणाऱ्यांना ते पाकीट चांगलं ओळखीचं आहे. आता कित्येक एजंट आधीच बजावून ठेवतात: उत्तर आलं नाही तर नकार समजावा.

धीर द्यायला थोरांचे आकडे पाठ आहेत. ‘ट्वायलाइट’च्या स्टेफनी मेयरनं 15 पत्रं पाठवली, होकार एक. ‘द हेल्प’च्या कॅथरिन स्टॉकेटला 60 नकार. हे तो ऑफिसात सगळ्यांना सांगायचा. स्वतःचा एकसष्टावा नकार आल्यापासून सांगत नाही.

गेल्या आठवड्यात मात्र एकीनं संपूर्ण हस्तलिखित मागवलं. घरात केक आला. मग त्यानं शीट उघडून पाहिलं, हिला कुठलं पत्र गेलं होतं ते. खुनी आजीबाईंचं! सारांशात शेवट लपवायचा नसतो, त्यामुळे तिथे तीन खून तपशीलवार दिले होते. कादंबरीत आजीबाई चारशे पानं पाव भाजतात आणि शेजाऱ्याशी लग्न करतात.

त्यानं चार दिवसांची रजा टाकली आहे. पहिला खून शेजाऱ्याचाच करावा, असं सध्या चाललंय.